लॉ सीईटीला ९१ पर्सेंटाइल, पुण्यात कोणतं कॉलेज मिळेल आणि ६० ची तुकडी बरी की २४० जागांचं कॉलेज?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही हिंगण्याला राहता, मुलीला बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉ सीईटीत ९१ पर्सेंटाइल पडलेत, प्रवर्ग ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. तुम्ही विचारलंय की एवढ्या पर्सेंटाइलला पुण्यात बरं कॉलेज मिळेल का, एका कॉलेजच्या २४० जागा आणि दुसऱ्याच्या ६० जागा असतील तर ६० वालं जास्त चांगलं का, आणि मनासारखं नाही मिळालं तर कर्ज काढून अभिमत विद्यापीठात घालावं की वर्षभर ड्रॉप घ्यावा. मी पुण्यात लॉ शिकवते आणि प्रवेशाच्या दिवसांत दर वर्षी मदत कक्षात बसते, त्यामुळे या प्रश्नांमागची काळजी मला चांगली माहितीये.

पहिली गोष्ट, पर्सेंटाइल म्हणजे मार्क नाहीत हे डोक्यात पक्कं करा, कारण अर्धा गोंधळ इथेच होतो. सीईटी वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, म्हणून मार्कांऐवजी पर्सेंटाइल देतात. ९१ पर्सेंटाइल म्हणजे साधारण नऊ टक्के मुलं तुमच्या मुलीच्या पुढे. आता समजा २५,००० मुलांनी परीक्षा दिली असेल तर ती पुढची मुलं झाली २,२५०, आणि तेच १५,००० नी दिली असेल तर १,३५०. पर्सेंटाइल तेच, पण रांगेतली जागा केवढी बदलली बघा. म्हणून "मागच्या वर्षी ९२ ला बंद झालं, आपले ९१, म्हणजे गेलंच" असा हिशोब करत बसू नका, सीईटी सेलच्या कटऑफ लिस्टमध्ये पर्सेंटाइलच्या शेजारी मेरिट नंबर असतो तो बघा, आणि यंदाची मेरिट लिस्ट लागली की तिच्यातल्या मुलीच्या नंबरशी तो ताडून बघा. त्यातही ओबीसीचा नंबर ओबीसीशी, ओपनचा ओपनशी. टेबलासमोर पालक बसतात तेव्हा हातात प्रिंटआउट असते, कटऑफवर पिवळा हायलायटर मारलेला असतो, आणि दहातल्या सात-आठ वेळा तो रकाना चुकीच्या प्रवर्गाचा किंवा चुकीच्या फेरीचा निघतो.

फेरीचं पण तसंच. पहिल्या फेरीचा कटऑफ सगळ्यात वर असतो आणि लोक तोच बघून घाबरतात. वरची काही मुलं क्लॅट या देशपातळीवरच्या परीक्षेतून एनएलयूला म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठात जातात, काही सिम्बायोसिसला, काही सीट मिळूनही दुसऱ्याच कोर्सला जातात आणि कॉलेजकडे फिरकत नाहीत, मग दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत नंबर खाली सरकतो. किती सरकेल हे कोणीच सांगू शकत नाही, सांगणारा क्लासवाला असो नाहीतर शेजारचा कोणी, विश्वास ठेवू नका.

आता जागांकडे येऊ, कारण माझं म्हणणं असं आहे की मार्कांपेक्षा आधी जागा समजून घ्यायच्या, कटऑफ हा शेवटी जागांमधूनच तयार होतो. बार काउन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे रूल्स ऑफ लीगल एज्युकेशन आहेत, त्यात एका तुकडीत ६० पेक्षा जास्त मुलं घ्यायची नाहीत असं आहे, आणि एका वर्षाच्या वर्गाला खास कारण नसेल तर पाचपेक्षा जास्त तुकड्या नाहीत. म्हणून लॉ कॉलेजची मंजूर क्षमता साधारण ६०, १२०, १८०, २४०, ३०० अशा पटीतच दिसते. तुम्ही म्हणता ते २४० जागांचं कॉलेज म्हणजे नियमाने चार तुकड्यांचं कॉलेज, २४० मुलं एका हॉलमध्ये असं नव्हे.

आणि ६० जागा म्हणजे तरी तुमच्यासाठी ६० असतात का? विनाअनुदानित कॉलेजात २० टक्क्यांपर्यंत जागा संस्था स्तरावर, म्हणजे कॉलेजला स्वतः, भरता येतात, म्हणजे ६० मधल्या १२ तिकडे गेल्या, कॅपमध्ये, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, आल्या ४८. अल्पसंख्याक दर्जाचं कॉलेज असेल तर त्यातला मोठा वाटा त्या समाजाच्या मुलांसाठी. मग आरक्षित प्रवर्ग, दिव्यांग, माजी सैनिकांची मुलं, महाराष्ट्राबाहेरची मुलं हे सगळं वजा करत जा, प्रत्येक रकान्यात शेवटी बोटावर मोजण्याइतक्या जागा उरतात. एका तुकडीच्या कॉलेजात तुमच्या प्रवर्गाच्या पाच-सातच जागा असतील तर तिथला कटऑफ एका वर्षी ९४ आणि पुढच्या वर्षी ८८ होऊ शकतो, कॉलेज सुधारलं किंवा बिघडलं म्हणून नाही, तर दोन-तीन हुशार मुलांनी त्या वर्षी ते नाव वर टाकलं की नाही एवढ्यावरच. चार तुकड्यांच्या कॉलेजचा कटऑफ त्या मानाने स्थिर असतो, त्यावरून अंदाज बांधता येतो. म्हणजे छोट्या कॉलेजचा कटऑफ बघून त्याची लायकी ठरवणं आणि आपला चान्स ठरवणं, दोन्ही चुकीचं.

अजून एक, ओबीसीच्या पालकांना हे हमखास सांगावं लागतं. ओपनच्या जागा म्हणजे फक्त खुल्या प्रवर्गाच्या मुलांच्या जागा नव्हेत, त्या गुणवत्तेने सगळ्यांना खुल्या असतात. तुमच्या मुलीचा नंबर ओपनमध्ये बसला तर तिला ओपनची सीट मिळते, प्रवर्गाची सीट दुसऱ्या कोणाला जाते. म्हणून ओबीसी लावलं तर ओपनचा चान्स जातो ही भीती काढून टाका, प्रमाणपत्र असेल तर नक्की लावा.

पसंतीक्रम भरताना लोक सगळ्यात जास्त चुकतात. "आपल्याला आयएलएस लॉ कॉलेज मिळणार नाही मग कशाला पहिल्या नंबरला टाकायचं, सीट वाया जाईल" असं म्हणून खालचंच कॉलेज पहिलं टाकतात. अहो, असं काही वाया जात नाही. कॉम्प्युटर मेरिट नंबरप्रमाणे एकेका मुलाला घेतो, त्याचा पहिला पर्याय रिकामा आहे का बघतो, नसेल तर दुसरा, मग तिसरा. वरचे दोन मिळाले नाहीत म्हणून तिसऱ्याच्या रांगेत तुम्हाला कोणी मागे ढकलत नाही. म्हणून क्रम मुलीच्या खऱ्या आवडीचा ठेवा, मिळेल-न मिळेलच्या अंदाजाचा नको. फक्त पहिल्या नंबरला तेच टाका जे मिळाल्यावर पुढच्या फेरीत जावंसं वाटणारच नाही, आणि फ्रीझचे, म्हणजे मिळालेली सीट पक्की करण्याचे, नियम त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतून स्वतः वाचा, मागच्या वर्षीच्या कोणाच्या तरी मेसेजवरून नको. पर्याय भरपूर भरा. तीन कॉलेजं टाकून गप्प बसलेली मुलं संस्था स्तरीय फेरीत धावपळ करताना बघवत नाहीत. बीए एलएलबी आणि बीबीए एलएलबी हे वेगळे पर्याय असतात, अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडीची फी वेगळी असते, कोड नीट बघून भरा.

पुण्यात नावं घ्यायची तर आयएलएस हे १९२४ चं, ज्याच्यावरून लॉ कॉलेज रोडला नाव पडलं, ओपनचा कटऑफ तिथेच सगळ्यात वर असतो हे सगळ्यांना माहितीये. त्याशिवाय डेक्कनचं शंकरराव चव्हाण लॉ कॉलेज, गणेशखिंडचं मॉडर्न, डीईएसचं नवलमल फिरोदिया, आणि उपनगरातली बरीच. ९१ ला यातलं एखादं मिळण्याची शक्यता मला चांगली वाटते, ओबीसीतून तर अजून, पण कोणतं ते मेरिट लिस्ट लागल्यावरच बोलू.

आता तुमचा मधला प्रश्न, ६० की २४०. मी म्हणेन मंजूर आकडा सोडा, तुकडी खरंच वेगळी बसते का ते बघा. कागदावर दोन तुकड्या आणि प्रत्यक्षात दोन्ही एकत्र बसवून एकच लेक्चर, हे काही ठिकाणी होतं, शिक्षक कमी पडले की सोपा उपाय तोच. याचा फटका पहिल्या वर्षी कळत नाही, शेवटच्या वर्षांत कळतो. उदाहरण देते. बार काउन्सिलच्या अभ्यासक्रमात मूट कोर्टचा, म्हणजे काल्पनिक खटल्यात युक्तिवाद करण्याच्या सरावाचा, प्रॅक्टिकल पेपर आहे, त्यात एका विद्यार्थ्याने तीन मूट करावेत अशी अपेक्षा आहे. ६० मुलांचे तीन-तीन म्हणजे १८० वेळा कोणीतरी उभं राहून युक्तिवाद करणार. प्रत्येकाला नुसती दहा मिनिटं धरली तरी ३० तास झाले, त्यात मेमोरियल म्हणजे लेखी युक्तिवाद तपासणं धरलेलंच नाही. १२० मुलं एका शिक्षकाच्या गळ्यात मारली तर ६० तास, मग काय होतं, मुलं सीनियरचं मेमोरियल कॉपी करून जर्नलला लावतात, तीन मिनिटं वाचून दाखवतात, मार्क मिळतात. मुलगी पास होते, पण कोर्टात उभं राहून न्यायाधीशांच्या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय लागत नाही. वर्ग केवढा आहे याचा खरा अर्थ इथे आहे, दहाव्या बाकावरून फळा दिसतो का यात नाही.

अमेरिकेत लॉ स्कूलांना तिथल्या बार असोसिएशनच्या ५०९ क्रमांकाच्या नियमाखाली दर वर्षी माहिती जाहीर करावी लागते, प्रवेश घेतलेल्यांचे एलसॅट या तिथल्या लॉ प्रवेश परीक्षेतले २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइलचे स्कोअर, फी, शिष्यवृत्त्या, वर्गांचा आकार, सगळं एका नमुन्यात. एलसॅट १२० ते १८० मध्ये असतो, आणि मधला स्कोअर बघून मुलाला लगेच कळतं की या वर्गात आपण कुठे बसतो. आपल्याकडे फक्त शेवटच्या मुलाचा कटऑफ दिसतो, मधला मुलगा कुठे आहे ते दिसत नाही, आणि वर्गाचा खरा आकार तर कुठेच लिहिलेला नसतो. हे आपल्याकडेही सक्तीचं व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. तोवर पालकांनीच जाऊन बघायचं.

जाऊन बघायचं म्हणजे काय ते सांगते. कामाच्या दिवशी सकाळी जा, ऑफिसात आधी विचारू नका, नोटीस बोर्डावरचं टाइमटेबल बघा. ए आणि बी तुकडीला एकाच वेळी, एकाच खोलीत, एकाच शिक्षकाचं नाव असेल तर समजा वर्ग एकत्र आहे. मग शिक्षकांची यादी मागा, त्यात पूर्णवेळ किती आणि सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावरचे किती ते विचारा. सीएचबीवाले वाईट शिकवतात असं अजिबात म्हणत नाही, त्यातले कितीतरी उत्तम वकील आहेत आणि कोर्टातला अनुभव घेऊन येतात, पण ते तासाला येतात आणि जातात, मुलीचा ड्राफ्ट घेऊन बसायला दुपारी कोणी लागतं ना. नियमात तीन आणि पाच वर्षांचे दोन्ही कोर्स चालवणाऱ्या कॉलेजला मंजुरीच्या पहिल्या वर्षी किमान सहा, दुसऱ्या वर्षी आठ, तिसऱ्या वर्षी दहा असे पूर्णवेळ मुख्य शिक्षक सांगितलेत, तेवढी नावं यादीत आहेत का मोजा. लायब्ररीत जा, एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रा या कोर्टाचे निकाल शोधायच्या वेबसाइटचं लॉगिन मुलांना मिळतं का की फक्त शिक्षकांना ते विचारा. आणि शेवटी कॅन्टीनमध्ये चौथ्या वर्षाचं एखादं पोरगं गाठा आणि दोनच गोष्टी विचारा, गेल्या वर्षी तू स्वतः किती मूट केलेस आणि तुझा लिहिलेला कागद कोणी लाल पेनने तपासून परत दिला का. त्या उत्तरावर मी सगळ्या रँकिंगपेक्षा जास्त भरवसा ठेवते.

यात चार तुकड्यांचं जुनं कॉलेज एका तुकडीच्या नव्या कॉलेजपेक्षा वरचढ निघू शकतं. मोठ्या कॉलेजात मूट कोर्ट सोसायटी, लीगल एड, डिबेट, कोर्टात नाव काढलेले माजी विद्यार्थी, हे सगळं असतं, पण तिथे मुलीला स्वतः पुढे व्हावं लागतं, कोणी हाताला धरून नेत नाही. मुलगी बुजरी असेल तर ६० च्या वर्गात शिक्षकांना तिचं नाव तरी माहीत असेल. हे तुम्हीच ठरवू शकता, मी नाही. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या, ऑगस्ट २०२५ मध्ये बार काउन्सिलने नवीन लॉ कॉलेजांवर तीन वर्षांची बंदी घातली आणि जुन्या कॉलेजांनाही नवीन तुकडी परवानगीशिवाय काढता येणार नाही असं सांगितलं, त्यामुळे "पुढच्या वर्षी जागा वाढतील मग सोपं जाईल" या आशेवर थांबू नका.

अभिमत विद्यापीठाचं. सिम्बायोसिस, भारती विद्यापीठ यांची परीक्षा आणि प्रवेश वेगळा, कॅपशी संबंध नाही. शिक्षण वाईट आहे असं कोणी म्हणणार नाही, पण तुमच्या घरासाठी हिशोब असा आहे: २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शासन पूर्ण भरतं. अट अशी की प्रवेश शासनाच्या कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट किंवा संस्था स्तरावरच्या सीटला नाही, अभिमत आणि खाजगी विद्यापीठांना नाही. म्हणजे एकीकडे महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अर्ज भरून फीचा मोठा भाग माफ, आणि दुसरीकडे पाच वर्षांचं कर्ज, ज्याचा हप्ता सुरू होईल तेव्हा मुलगी एखाद्या सीनियरकडे ज्युनियर म्हणून जेमतेम प्रवासखर्च निघेल एवढ्या पैशात काम करत असेल. कोर्टात प्रॅक्टिस करायची म्हणत असेल तर ते कर्ज तिला पहिल्याच वर्षी कॉर्पोरेट नोकरीकडे ढकलेल, तिची इच्छा असो नसो. मी तुमच्या जागी असते तर कॅपचीच सीट घेतली असती.

ड्रॉपबद्दल. मुलीला एनएलयूच पाहिजे असेल, क्लॅट डिसेंबरमध्ये असते, निगेटिव्ह मार्किंग असतं, वाचनाचा वेग लागतो, आणि ती तयारी तिने आधी अर्धवटच केली असेल, तर एक वर्ष देण्यात मला वावगं वाटत नाही. पण इथल्याच सीईटीत ९१ चे ९५ करायला आणि पुण्यातलंच एक कॉलेज वर चढायला वर्ष घालवू नका, तेच वर्ष शेवटी शिवाजीनगर कोर्टात घालवलं तर जास्त शिकेल. पुण्यात मुलांना हा फायदा आहे, जिल्हा न्यायालय, फॅमिली कोर्ट, ग्राहक आयोग, एनजीटीचं म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ, सगळं शहरातच. पाच वर्षांच्या कोर्सला एकूण किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते, ती नुसत्या सर्टिफिकेटसाठी कुठेतरी करण्यापेक्षा इथे बसून रोजचं बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी बघत केली तर मुलगी तयार होते. आणि आत्ता कुठेही घेऊन तिसऱ्या वर्षाला दुसऱ्या मोठ्या कॉलेजात थेट घुसू असा प्लॅन करू नका.

कोणी फोन करून "सीट पक्की करून देतो, अमुक द्या" म्हणाला तर फोन ठेवा. संस्था स्तरावरच्या जागाही गुणवत्तेनेच भरायच्या असतात, फी नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या फीच्या वर पैसे घेणं १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे, आणि प्रवेश नियामक प्राधिकरणाने तो प्रवेश मान्य केला नाही तर भोगणार मुलगीच.

आता या आठवड्यात काय करायचं ते. नॉन क्रीमी लेयर काढा, आणि त्याची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत आहे का ते बघा, ३१ मार्चला संपलेलं जुनं प्रमाणपत्र अपलोड करून दर वर्षी मुलं प्रवर्गातून ओपनमध्ये फेकली जातात. जात वैधता नसेल तर समितीकडे अर्ज करून पोच घ्या, पण मूळ प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत आणावंच लागतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, डोमिसाइल, बारावीची मार्कशीट, सगळं फोटो न काढता नीट स्कॅन करा, मार्कशीटचा कोपरा कापला गेला म्हणून ई-स्क्रुटिनीतून म्हणजे ऑनलाइन कागदपत्र तपासणीतून परत आलेले फॉर्म मी ढिगाने बघितलेत. रोज संध्याकाळी लॉगिन करून बघा, त्रुटी काढली की ती दुरुस्त करायला दोन-तीनच दिवस असतात आणि एसएमएस येईलच याची खात्री नाही. तात्पुरती मेरिट लिस्ट लागली की मुलीचं नाव, प्रवर्ग आणि पर्सेंटाइल तिघंही तपासा, चुकलं असेल तर ग्रीव्हन्स म्हणजे तक्रार त्याच मुदतीत टाका. मेरिट नंबर हातात आला की इथे लिहा, पसंतीक्रम कसा लावायचा ते मग बघू.